अकरा सेकंद

९ जानेवारी

फूटपट्टी,

ग्रंथालयाच्या छोट्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे राहिली आहे का, एवढंच विचारायला लिहिते आहे. ग्रंथपाल निवृत्त होताना सामानाची यादी करत होते, त्यात ती किल्ली तुझ्या नावावर निघाली. असेल तर पाठवून दे.

पत्र इथेच संपवणार होते, पण पान बरंच कोरं राहिलं आहे आणि माझा स्वभाव तुला पहिलीपासून माहीत आहे. शाळेतली आपली लांब सिस्टर म्हणायची ना, हिला तोंड उघडायला निमित्त पुरतं आणि मिटायला घंटा लागते.

तू कॉलेज सोडल्याला दोन वर्षं होऊन गेली. स्टाफरूम आता तू ओळखणार नाहीस. आपलं दोघींचं टेबल जिथे होतं त्या भिंतीवर एक मोठा पडदा लावला आहे. त्यावर दिवसभर मुलींचे चेहरे सरकत असतात आणि प्रत्येकीभोवती चौकट असते, हिरवी, पिवळी, नाहीतर लाल. तुझं ते साधं काम, कोणत्या मुलींशी बोलायचं त्या पाच नावांचं सोमवारच्या सोमवारी येणारं पान, ते कॉलेजने एका कंपनीच्या हवाली केलं आणि कंपनीने त्याला हा रंग फासला. हजेरी, गृहपाठ किती वाजता दिला, रेकॉर्ड केलेला तास किती वेळा पाहिला, चाचणीत किती पडले, सगळं आत जातं आणि बाहेर एक रंग येतो. आम्ही चहा पीत असतो, समोर एखाद्या पोरीचा लाल चौकटीतला चेहरा येतो आणि आमच्यातलं कोणीतरी बिस्कीट बुडवता बुडवता म्हणतं, "ही गेली." मला तो घास गिळवत नाही.

प्राचार्य नवे आहेत. मुलींच्या वह्या हातात घेतल्या की लगेच बाटलीतलं औषध तळहातावर चोळतात. त्यांचं आवडतं वाक्य, "आकडे बोलतात, आपण ऐकायचं." शनिवारी सकाळी सभा असते, तिथे कुठला विभाग 'स्वच्छ' आहे ते सांगतात. म्हणजे ज्या विभागाच्या पडद्यावर लाल नाही तो. त्यामुळे इकडे एक नवीनच रीत पडली आहे, तिला आमच्याकडे 'हिरवं करणं' म्हणतात. लाल मुलीच्या पानावर खाली एक चौकोन असतो, 'विद्यार्थिनीशी बोलले'. त्यात खूण केली की चौकट आठवडाभर फिकी पडते. मग शुक्रवारी चहाच्या वेळी इतिहासवाल्या बाई एका हातात कप धरतात आणि दुसऱ्या हाताने तीस-चाळीस पोरींशी 'बोलून' घेतात. कप रिकामा व्हायच्या आत विभाग स्वच्छ. बघून शिसारी येते. मी आपली लांबूनच बघते.

तुला आठवत असेल, लांब सिस्टर रोज सकाळी दारात उभी राहायची आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीच्या कपाळाला हात लावायची. थर्मामीटर नव्हता, यादी नव्हती. कोणाला ताप आहे, कोण रडून आलं आहे, कोण उपाशी आहे, सगळं तिला तळहाताला कळायचं. मी तीस वर्षं तशीच शिकवत आले. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, सगळे तिला हसरी म्हणतात. मी बोलत असते तेव्हा माझ्या चेहऱ्यावरून नजर काढत नाही, मान डोलावते, बरोबर जागी हसते. असं ऐकणारी मुलगी दहा वर्षांत एखादी मिळते. आणि पडद्यावर तिची चौकट लाल! मी त्या कॉम्प्युटर लॅबवाल्यांना म्हटलं, तुमच्या यंत्राला चष्मा लावा.

तुझं ते बुटाचं खोकं, मुलींच्या कार्डांचं, मोठ्या साफसफाईत गेलं म्हणे. वाईट वाटलं.

आमच्या घरातले गृहस्थ बरे आहेत. निवृत्त झाल्यापासून माझे चहाचे डबे रोज नव्या क्रमाने लावतात.

किल्लीचं बघ.


२ फेब्रुवारी

फूटपट्टी,

किल्ली मिळाली. पाकीट उलटं करून झटकलं, आत चिठ्ठी नव्हती. ठीक आहे.

हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे.

मी अजून श्रुतलेखन घालते. आठवड्यातून एकदा दहा ओळी. कॉलेजच्या मुलींना कशाला, असं सगळे हसून विचारतात, पण लांब सिस्टरने माझ्या हाताला जे वळण दिलं ते दुसऱ्या कोणाच्या हाताला द्यायची हीच एक वेळ असते. मी फळ्याकडे चालत, खिडकीशी थांबत, पुस्तकातून वाचत जाते. गेल्या आठवड्यात वळून पाहिलं तर हसरीची मान शेजारणीच्या वहीवर. तीच हसरी. एका ओळीचा शब्द न शब्द तिने शेजारणीचा उचलला होता, शेजारणीच्या दोन चुकांसकट.

मला नक्कल सहन होत नाही, तुला माहीत आहे. खोटं बोललेलं एक वेळ चालेल, पण दुसऱ्याच्या वहीतली चूकसुद्धा आपली म्हणून मांडायची, याची मला लहानपणापासून किळस आहे. मी तिच्या वहीवर लाल शाईने आडवं 'नक्कल' लिहिलं आणि वही सगळ्या वर्गाला दिसेल अशी धरली. ती माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, निगरगट्ट आहे. दोन दिवस तिच्याकडे पाहिलंच नाही.

मग परवा सूचनाफलकावर यादी लागली. 'तीन वेळा समज देऊनही प्रतिसाद न देणाऱ्या विद्यार्थिनी.' सात नावं, पाचवं हसरीचं. या मुलींचा निर्णय चोवीस तारखेला समितीपुढे होणार आणि तिथे नाव कमी झालं की परीक्षेचा अर्ज पुढे जात नाही. यातली मेख तुला लगेच कळेल, कारण आकडे तुझा प्रांत. नापास होऊ शकणाऱ्या मुली परीक्षेआधीच गळाल्या की निकालाची टक्केवारी चढते. मुलींना सावरायला म्हणून आणलेल्या यंत्राने हे लोक मुली निवडून टाकतात, तांदळातले खडे काढावेत तसे, आणि वर त्याला सहकार्य न केल्याचं कारण देतात. कागदावर सगळं नियमात. कोणीतरी तिच्या पानावर तीन शुक्रवार 'बोलले' अशी खूण केली आहे.

हसरीची आई इस्पितळात फरशा पुसते. मोठी बहीण बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे आणि तिच्याशेजारची जागा रिकामी झाली आहे, असं शेजारणीकडून कळलं. म्हणजे नाव कमी झालं की ती जागा हिची. घरातली ही पहिली कॉलेजात आलेली मुलगी.

मी तिला गाठायला जिन्यावर गेले. ती चार पायऱ्या पुढे होती. मी हाक मारली, दुसरी मारली, तिसरी तर अशी मारली की वरच्या मजल्यावरचा शिपाई वाकून बघायला लागला. तिने मान वळवली नाही. मला राग आला. खाली उतरून खांद्याला हात लावला तर दचकून पुस्तकं सांडली तिने. मग माझं तोंड दिसलं आणि हसली. तेच हसू, माझ्या तासाचं.

अगं, तिला ऐकू येत नाही.

पायरीवरच बसलो आम्ही. गेल्या वर्षी मोठा ताप आला होता, तेव्हापासून कमी होत गेलं, आता निम्म्याहून कमी येतं. ओठ बघून समजून घेते. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद. कॉलेजात सांगितलं नाही, कारण कॉलेज घरी सांगेल. म्हणून पहिला बाक, म्हणून नजर न काढणं, म्हणून बरोबर जागी हसणं. शेजारणी हसल्या की हसायचं. मी विचारलं, माझ्या तासाला तरी समजतं ना? तेव्हा ती जे म्हणाली ते तसंच लिहिते:

"बाई, तुम्ही फळ्याकडे वळलात की तुम्ही जाता. मग तुम्ही परत येईपर्यंत मी थांबते."

त्या संध्याकाळी मी लॅबवाल्यांना बसवून तिचं पान पहिल्यांदा नीट उघडलं. नीट म्हणजे खालपर्यंत. माझ्या रेकॉर्ड केलेल्या तासांतले तुकडे तिने नऊ नऊ, अकरा अकरा, एक तर चौदा वेळा पाहिला होता. ते तुकडे लावून बघितले. सगळ्यांत मी पाठमोरी आहे. माझा अंबाडा आणि फळा. लेखी चाचणीत बरे गुण, तोंडी आणि श्रुतलेखनात काही नाही. आणि सगळ्यात खाली, कंपनीला काढायचं राहून गेलेलं, करड्या बारीक अक्षरातलं एक वाक्य:

'हिला विचारा: वर्गात बोललेलं नीट ऐकू येतं का?'

ते वाक्य तुझं आहे. 'विचारा' हे तुझं आहे. जून महिन्यापासून दर सोमवारी ते तिथे उमटत होतं, त्या खुणेच्या चौकोनाच्या बरोबर खाली, बोटभर अंतरावर.

मी चेहरे वाचते म्हणत होते ना? तिथेच टेबलावर डोकं टेकून बसले. लॅबवाल्यांनी बिचाऱ्यांनी पंखा वाढवला.


१० फेब्रुवारी

फूटपट्टी,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही धरली नव्हती. पण आता मला एक गोष्ट मागायची आहे आणि मागण्याआधी मागचं साफ करायला हवं.

'कोणीतरी' खूण केली असं मी लिहिलं होतं. ती मी केली. तिन्ही शुक्रवार. मी लांबून बघते हेही खोटं होतं. मीही कप धरून बसते. माझी तर युक्ती अशी की आधी सगळी पानं ओळीने उघडून ठेवायची आणि मग पटापट टिचक्या मारत जायचं; इतिहासवाल्या बाई ती माझ्याकडून शिकल्या. हसरीच्या पानावर टिचकी मारताना मला काय वाटलं होतं तेही आठवतं. हिच्याशी काय बोलायचं, ही तर माझं सगळं ऐकते.

शेजारणीच्या वहीतली चूक उचलणाऱ्या पोरीला मी वर्गापुढे उभी केली. माझ्या तीन खुणा कुठल्या वहीत धराव्या? आरशापुढे केस विंचरताना स्वतःचा वास यावा तसं झालं आहे.

हसरीला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेले. आईलाही बोलावून घेतलं. डॉक्टर म्हणाले, कानाला यंत्र लावलं तर पुष्कळ फरक पडेल. आई बराच वेळ पदराशी चाळा करत बसली होती, मग मुलीला म्हणाली, "एवढं होतं तर मला का नाही बोललीस, मी काय परकी?" आणि मग माझ्याकडे वळून, "बाई, तुम्ही तरी रोज बघत होता ना?" तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की मी रोज बघत होते.

डॉक्टरांचा कागद घेऊन प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, त्या खुणा खोट्या आहेत, मी या मुलीशी एकदाही बोलले नाही. त्यांनी कागद बोटांच्या टोकांनी धरला, वाचला, ठेवला आणि हाताला औषध लावलं. म्हणाले, नोंद आहे ना बाई, तारखेसकट आहे. समिती नोंद धरणार. मग जरा पुढे वाकून, फार प्रेमाने, "या वयात आपण कोणाशी काय बोललो ते नेहमी लक्षात राहतंच असं नाही. तुमच्याही निवृत्तीला तीन महिने राहिलेत. कशाला त्रास करून घेता?"

मी त्यांना खोटं सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच मानलं आणि खरं सांगितलं तर माझं डोकं ठिकाणावर नाही. तिथून निघाले ती थेट बेसिनवर जाऊन तोंड धुतलं.

आता मागणं. तू पहिलं पान केलंस तेव्हा त्यात एक रकाना होता, कुठल्या बाईंनी मुलीचं पान किती वेळ उघडं ठेवलं याचा. त्याच रकान्यावरून आपलं वाजलं. लॅबवाले म्हणतात तो रकाना पडद्यावरून गेला, पण आतून अजून भरत असावा. तो कसा बाहेर काढायचा ते त्यांना माहीत नाही, कंपनी सांगणार नाही. तुला माहीत आहे. तो हाताला लागला तर मी किती 'बोलले' ते समितीला दिसेल, आणि हसरीचं नाव कमी करायला मग कागदच उरणार नाही.

आणि हे मागताना दोन वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारच्या सभेबद्दल न बोलणं म्हणजे आणखी एक खोटी खूण होईल.

तू उभी राहून शांतपणे सांगत होतीस की मुलींचं मोजायचं असेल तर आपलंही मोजलं पाहिजे, नाहीतर ते पान मुलींवर पाळत ठेवण्याचं होईल. मी उठले. लांब सिस्टरचा तळहात सांगितला. आम्ही इथे शिकवायला आलो, मोजायला आणि मोजून घ्यायला नाही, असं म्हटलं. टाळ्या पडल्या. तू तेवढंच म्हणालीस, "एकदा मला ताप होता. मी शाळेबाहेरच्या नळावर कपाळ भिजवून आत गेले होते. तिला कळलं नाही." सगळ्यांचे चेहरे तुझ्याकडे वळले. आणि मला ती टाळी परत हवी होती. म्हणून मी म्हटलं, ज्यांना स्वतःचं मूल नसतं त्यांनाच मुलांचे तक्ते सुचतात.

हसले लोक. मी त्यांच्याकडे बघून हसले. तू कागद गोळा केलेस, कडा जुळवल्यास आणि बसलीस. महिन्याभरात तू राजीनामा दिलास. तुझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू कशाकशाला नाही म्हणालीस, कोणाला नाही म्हणालीस, ते जगात दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातली एक मी होते.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल. रकाना मात्र दे. माझ्यासाठी नको, त्या पोरीसाठी दे.


९ मार्च

फूटपट्टी,

तुझा अर्धा कागद अठरा फेब्रुवारीला मिळाला. आठ पायऱ्या, आकडे घालून, प्रत्येक ओळ समासाला टेकलेली. बाकी एकच ओळ: 'बडबड, त्यात तुझी वेळही दिसेल. चालेल?' बडबड हे नाव दोन वर्षांनी कागदावर पाहिलं. लॅबवाल्यांना वाटलं माझ्या डोळ्यांत पंख्याची धूळ गेली.

रकाना निघाला. आता समितीचं सांगते.

पाच माणसं, काचेचं टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. हसरी आणि आई बाहेरच्या बाकावर. सहा मुलींचं वीस मिनिटांत आटोपलं होतं. सहाही कमी. एका गृहस्थांनी तर नाव वाचायच्या आधीच पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. सातव्याला मी उठले आणि कागद वाचला. पहिला शुक्रवार, पान उघडं चार सेकंद. दुसरा शुक्रवार, तीन. तिसरा, चार.

"म्हणजे मी या मुलीशी तीन शुक्रवार मिळून अकरा सेकंद बोलले," मी म्हटलं, "आणि तेही ती समोर नसताना."

मग प्राचार्य म्हणाले, बाई, असं बघायला गेलं तर सगळेच... आणि थांबले. कारण त्यांच्या ध्यानात आलं की वाक्य पूर्ण केलं तर उरलेल्या सहा मुलींचाही कागद फाटतो. मी ते पूर्ण केलं. त्या सहाजणींची पानं दुसऱ्या बाईंनी किती सेकंद उघडली तेही माझ्या हातात होतं. सगळ्यात जास्त वेळ होता नऊ सेकंद, आणि तोही बहुधा कप सांडल्यामुळे. मी ते सगळं वाचलं, नावं न घेता, पण स्टाफरूममध्ये नावं लागत नाहीत.

टोपणवाल्या गृहस्थांनी टोपण परत लावलं. सातही अर्ज परीक्षेला गेले. निर्णयाचं कारण त्यांनी असं लिहिलं आहे: 'मानवतावादी दृष्टिकोनातून.' मी ते वाचलं आणि मला परत तोंड धुवायला जावं लागलं. चूक त्यांची नव्हती, दया त्यांची होती. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला आणि तो रकाना आतूनही काढून टाकला. सूचनेत लिहिलंय, 'अनावश्यक माहिती कमी करून प्रणाली अधिक जलद केली आहे.' पुढच्या शुक्रवारी सगळे पुन्हा हिरवं करायला बसले. माझ्याकडे पाठ करून.

इतिहासवाल्या बाई माझ्याशी बोलत नाहीत. माझा निरोपसमारंभ 'पुढे बघू' वर गेला आहे. घरातले गृहस्थ म्हणाले, बरं झालं, तुला दिलेल्या फुलदाण्या ठेवायला घरात जागा नव्हती.

हसरीला कानाचं यंत्र मिळालं. पहिल्या दिवशी श्रुतलेखनाला मी टेबलाशी उभी राहून, वर्गाकडे तोंड करून वाचलं. दहा ओळींत दहा चुका, सगळ्या तिच्या स्वतःच्या. तास संपल्यावर म्हणाली, बाई, तुमचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक आहे.

आता शेवटचं. तुझं खोकं साफसफाईत गेलं नाही. तू गेलीस त्या दिवशी मी ते घरी आणलं. टाकवत नव्हतं आणि परत द्यायचं तर तुझ्यासमोर यावं लागलं असतं. दोन वर्षं माळ्यावर होतं, दोरीची गाठसुद्धा सोडली नव्हती. समितीनंतर सोडली. म्हटलं, तो पडदा त्यांचा, आपण आपली पाच नावं सोमवारी हाताने काढू आणि तू मुलींना काय काय विचारायचीस ते शिकू. सगळी कार्डं वाचली. 'हिला विचारायचं: घरी दिवा कुठे असतो?' 'हिला विचारायचं: सकाळी कोणाला उचलून घ्यावं लागतं?' एकाही कार्डावर गुणांचा आकडा नाही. मी तुला तक्तेवाली म्हणाले होते.

आणि सगळ्यात मागे एक कार्ड निघालं, ते कुठल्या मुलीचं नव्हतं.

'बडबड. तीन आठवडे डबा उघडत नाही. वर्गात आवाज मोठा, इथे नाही. मुलीचा विषय निघाला की उठून जाते. सोमवारी हिला विचारायचं: घरी काय झालं?' खाली तारीख. खाली तुझा तो लहान चौकोन, 'बोलले', रिकामा. तो त्या सभेचा सोमवार. सभा अकराला होती. तू बहुधा डब्याच्या सुट्टीत विचारणार होतीस.

विचारलंस असं धरून सांगते.

मुलगी घर सोडून गेली होती. भांडण अगदी फुटकळ होतं, कुठे नोकरी करायची त्यावरून. एका बॅगेत कपडे भरले आणि दारात म्हणाली, "आई, तू ऐकत नाहीस गं, तू शिकवतेस." मी कोणाला सांगितलं नाही. एकवीस दिवस तिचा फोन नव्हता आणि बाविसाव्या दिवशी मी भर सभेत उभी राहून, ज्यांना मूल नसतं त्यांच्याबद्दल बोलले.

पुढे फोन यायला लागला. आता दर रविवारी येतो. चार मिनिटं, फार तर पाच. मी घड्याळाकडे बघत बसते, तुला सांगायला हरकत नाही. गेल्या रविवारी मी तिला हसरीचं सांगितलं, माझ्या तीन खुणांसकट, आणि मग गप्प बसले. तीच बोलत राहिली. अकरा मिनिटं झाली.

कार्ड सोबत ठेवते आहे. चौकोनात खूण करायची की नाही ते तू ठरव.

बडबड